बंद पडलेल्या बँड पथकाचा जुना क्लॅरिनेट: घ्यावा का, आणि घेतलाच तर कसा उभा करावा

प्रश्न असा आहे: नागपूरच्या महाल भागातले एक बँड पथक बंद झाले असून त्यांचा लाकडी, बी-फ्लॅट म्हणजे काळी पाचचा म्हणून सांगितला जाणारा क्लॅरिनेट विकायचा आहे. वरच्या भागात बारीक चीर दिसते, काही चाव्या अडकतात, एक चावी तुटलेली आहे आणि अंगावर रोमन लिपीत एच. पी. अशी अक्षरे कोरलेली आहेत. नववीतल्या मुलीला शिकण्यासाठी तो घ्यावा का? तिच्या वर्गात हार्मोनियमची साथ असते. दुरुस्तीतले किती काम घरी करता येईल?

आपण कळवलेल्या गोष्टींपैकी चीर, अडकलेल्या चाव्या आणि तुटलेली चावी या तिन्हींवर उपाय आहे. कोरलेल्या अक्षरांना आपण दोषांत धरलेले दिसत नाही, पण ती जे सांगतात त्यावर कोणत्याही कारागिराकडे उपाय नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एच. पी. म्हणजे हाय पिच, म्हणजेच उंच सुरात बांधलेले वाद्य. आज ‘ए’ या स्वराची कंपनसंख्या 440 हर्ट्झ धरून वाद्ये बनवली जातात. ब्रिटिश लष्करी बँडमध्ये मात्र 1920 च्या दशकाच्या अखेरपर्यंत हाच स्वर 452 हर्ट्झच्या आसपास ठेवला जात असे, आणि त्या काळात त्यांच्यासाठी बनलेले क्लॅरिनेट त्याच मापाने कोरलेले आहेत. हा फरक हार्मोनियमवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या जवळजवळ निम्मा भरतो. नागपूरजवळच्या कामठीची लष्करी छावणी 1821 पासूनची आहे आणि लष्करातून बाद झालेली वाद्ये शहरातल्या पथकांकडे येण्याची वाट जुनी आहे, त्यामुळे नागपुरात असे क्लॅरिनेट अजून निघतात यात नवल नाही. बॅरल, म्हणजे फुंकायच्या माउथपीसलगतचा आखूड तुकडा, थोडा बाहेर ओढला की सूर उतरतो, असे विकणारा सांगेल, आणि ते खोटेही नाही. पण बॅरल ओढल्यावर सगळे स्वर सारखे उतरत नाहीत. ज्या स्वरांसाठी नळीचा थोडाच भाग वापरला जातो, ते जास्त उतरतात आणि ज्यांना पूर्ण नळी लागते, ते कमी उतरतात. परिणामी एक स्वर हार्मोनियमला मिळवावा, तर बाकीचे आपापसांत बेसूर होतात. शिकणाऱ्या मुलीचा कान अशा वाद्यावर तयार होणे मला सर्वथा अयोग्य वाटते.

तरीही केवळ अक्षरे पाहून निर्णय घेऊ नये, कारण जुन्या पथकांत एका वाद्याचा बॅरल दुसऱ्याला आणि एकाचा खालचा भाग तिसऱ्याला लावलेला अनेकदा आढळतो. वरचा भाग, खालचा भाग आणि शक्य असल्यास बॅरल यांवरील क्रमांक व खुणा एकमेकांशी जुळतात का, हे आधी पाहावे. त्यानंतर माउथपीस काढून, उरलेले वाद्य पूर्ण जोडून त्याची लांबी मोजावी. आजच्या सुराचा बी-फ्लॅट क्लॅरिनेट अशा मोजणीत साधारण 59 ते 60 सेंटिमीटर भरतो, उंच सुराचा त्याहून सुमारे दोन सेंटिमीटर आखूड असतो. लांबी 63 सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर तो बहुधा ‘ए’चा क्लॅरिनेट आहे, म्हणजे आपल्या हिशेबात पांढरी सहाचा, आणि त्याचाही आपल्याला उपयोग नाही.

खरी परीक्षा फुंकून होते. चालू स्थितीतले माउथपीस आणि त्यावर बसणारी नवी रीड (कंप पावणारी पातळ पट्टी) सोबत घेऊन एखाद्या वादकाला बरोबर न्यावे. वाद्य पाच-सात मिनिटे फुंकून कोमट होऊ द्यावे, कारण थंड वाद्य नेहमीच उतरलेले लागते. मग डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली तीन बोटे बंद करून खालच्या सप्तकातला स्वर घ्यावा. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर तो काळी पाचला मिळाला पाहिजे. तपासणीसाठी घरची पेटी वापरू नये, कारण जुन्या पेट्या स्वतःच चढलेल्या-उतरलेल्या असतात. मोबाइलवरील ट्यूनर 440 वर ठेवून पाहावे. आपल्या क्लॅरिनेटचे खालचे पॅड (चाव्यांखालच्या, भोके मिटवणाऱ्या गाद्या) हवा सोडत असतील, तरी या एका स्वराला उजव्या हाताची भोके मिटावी लागत नसल्याने तो थोड्याफार डागडुजीने घेता येईल.

येथे एक अपवाद नोंदवणे आवश्यक आहे. आपल्या संगीतात षड्ज कुठेही धरता येतो. जो वादक एकट्याने, सूक्ष्म जुळणी होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यासोबत वाजवतो, त्याला उंच सुराचे उत्तम लाकडाचे जुने वाद्य अत्यंत समाधान देऊ शकते, आणि अशा वाद्यांना अव्हेरू नये असेच माझे मत आहे. आपल्या मुलीला मात्र हार्मोनियमबरोबर बसायचे आहे, म्हणून तिच्यासाठी हा अपवाद लागू होत नाही.

सुराचा प्रश्न निकाली निघाला, की दुसरा प्रश्न चाव्यांच्या पद्धतीचा. उजव्या हाताच्या करंगळीखाली चार चाव्यांचा झुबका असेल, एकूण चाव्या 17 आणि बोटांच्या भोकांभोवतीच्या कड्या 6 असतील, तर वाद्य बोहम पद्धतीचे आहे. ही रचना क्लॅरिनेटवादक क्लोझे आणि वाद्यकार ब्यूफे यांनी 1839 ते 1843 या काळात पॅरिसमध्ये सिद्ध केली, आणि आजची बहुतेक शिक्षणपुस्तके तिलाच धरून लिहिलेली असतात. करंगळीखाली दोनच चाव्या आणि एकूण तेरा-चौदा चाव्या असतील, तर ती अल्बर्ट किंवा साधी पद्धत होय. आपल्याकडच्या बँडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हीच वाजत आली आहे, आणि मेरठच्या जली कोठीत बनलेले क्लॅरिनेटही पुष्कळदा याच पद्धतीचे असतात. अल्बर्ट पद्धत हलकी आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यावर बोट सरकवून घेतलेली मींड फार मोकळी येते. पण दोन्ही पद्धतींत बोटे वेगळी पडतात, म्हणून मुलगी ज्यांच्याकडे शिकणार आहे त्या गुरुजींना आधी विचारावे आणि ते वाजवतात तीच पद्धत घ्यावी.

आता लाकूड. चांगले क्लॅरिनेट आफ्रिकी ब्लॅकवुडचे असतात. हे झाड आपल्या शिसवीच्या कुळातलेच आहे, आणि त्याचे लाकूड इतके घट्ट असते की पाण्यात बुडते. मेरठकडचे काही क्लॅरिनेट शिसमचे असतात. ते तपकिरी, वजनाला हलके आणि पाणी अधिक पिणारे असतात. काळे दिसणारे प्रत्येक वाद्य लाकडी असतेच असे नाही. एबोनाइटचे वाद्य उन्हात राहून हिरवट-तपकिरी होते आणि कापडाने जोरात घासल्यास गंधकाचा वास येतो. लाकडी वाद्याच्या आतील नळीत उजेडासमोर पाहिल्यास लाकडाच्या रेषा दिसतात.

या रेषा आणि चीर यांत गल्लत होते, त्यामुळे आपली ‘बारीक चीर’ खरोखर चीर आहे का, हे भिंगातून पाहावे. रेष लाकडाच्या पोतासोबत सलग जाते आणि नखाला लागत नाही. चीर नखाला लागते, तिच्या कडा काही ठिकाणी किंचित खालीवर असतात, आणि ती बहुधा वरच्या भागाच्या वरल्या टोकापासून निघून ट्रिलच्या (दोन लगतचे स्वर झपाट्याने आलटून-पालटून घेण्याच्या) चाव्यांच्या भोकांकडे उतरते. ती पृष्ठभागावरच थांबली असेल, तर काम सोपे आहे. ती एखाद्या स्वराच्या भोकाच्या काठातून गेली असेल, तर त्या भोकावर पॅड कधीच नीट बसणार नाही. तिथे कारागिराला भोक मोठे करून त्यात नवी बाही, म्हणजे आतले कडे, बसवावी लागते. वरच्या टोकाशी जिथे बॅरल बसतो, ती जागा फुटलेली असेल, तर किंमत निम्म्याहून खाली आणावी किंवा वाद्य सोडून द्यावे.

नागपूरच्या हवेचा येथे थेट संबंध आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या पुढे जातो, हवेतला ओलावा अगदी उतरतो, लाकूड आकसते आणि चिरा उघडतात. बॅरलच्या आणि बेलच्या (खालच्या कर्ण्यासारख्या टोकाच्या) धातूच्या कड्या बोटाने फिरू लागतात. जुलैत तेच लाकूड फुगते, चिरा मिटतात, कड्या घट्ट बसतात आणि जोड मात्र अडकतात. म्हणून जुना लाकडी क्लॅरिनेट कोरड्या दिवसांत पाहणे केव्हाही हिताचे, तेव्हा तो काही लपवू शकत नाही. पावसाळ्यातही चीर डोळ्यांना दिसत असेल, तर ती उन्हाळ्यात किती उघडेल याचा अंदाज घेऊनच भाव करावा. उन्हाळ्यात सैल झालेल्या कड्या पाहून मात्र घाबरू नये.

चाव्यांचा धातू पाहण्यासाठी तुटलेली चावी उपयोगी पडते. तुटलेल्या जागी धातू पिवळसर किंवा रुपेरी, चिवट आणि किंचित वाकून तुटलेला दिसला, तर तो पितळ किंवा जर्मन सिल्व्हर आहे आणि चांदीच्या डाखाने जोडता येतो. तुटलेली जागा करडी, दाणेदार आणि बिस्किटासारखी सरळ मोडलेली असेल, तर ते जस्ताचे स्वस्त ओतकाम आहे. त्याला डाख धरत नाही, आणि एक चावी तुटली म्हणजे बाकीच्याही त्याच वाटेवर आहेत. असे वाद्य कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. चांगल्या धातूची चावी जोडून देणारा कसबी सोनार इतवारीच्या सराफ्यात मिळू शकतो. मात्र त्याच्याकडे नेण्यापूर्वी चावीवरील पॅड, बूच आणि स्प्रिंग काढून घ्यावी, कारण तापल्यावर पोलादी स्प्रिंगचा ताण निघून जातो. तुटलेले दोन्ही तुकडे सोबत द्यावेत. एक तुकडा हरवला असेल, तर चावीची लांबी अंदाजाने ठरते आणि पॅड भोकाच्या मध्यावर येत नाही.

समजा, वाद्य 440 चे निघाले, धातू चांगला आहे आणि चीर भोकापर्यंत गेलेली नाही. मग घरी काय करावे? सर्वांत आधी, काय करू नये ते सांगतो. वाळलेले लाकूड पाहिले की माणूस पहिल्या संध्याकाळीच तेलाची बाटली उघडतो. चीर भरण्यापूर्वी तेल लावले, तर ते चिरेत शिरते आणि नंतर तिथे कोणताही गोंद धरत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी कोरडी सफाई, मग चीर, मग तेल, मग चाव्या आणि सर्वांत शेवटी पॅड.

चाव्या उतरवताना मापाचा पेचकस वापरावा. रुंदीला कमी असलेला पेचकस स्क्रूची खाच खाऊन टाकतो. गंजलेल्या स्क्रूवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब ठेवून रात्रभर थांबावे, आणि तरीही तो हलला नाही तर जोर न लावता कारागिराकडे न्यावा. उतरवलेली चावी तिच्या स्क्रूसह थर्मोकोलच्या जाड तुकड्यावर वाद्यावरच्याच क्रमाने टोचून ठेवावी आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढावे. भोकांतली काजळी लाकडी काडीने काढावी, लोखंडी टाचणीने नव्हे, कारण भोकाच्या काठावर पडलेला एक ओरखडाही पॅडमधून हवा सोडतो. वरच्या सप्तकाच्या चावीखाली एक बारीक धातूची नळी असते. ती बहुधा मळाने अर्धी बुजलेली असते, आणि ती साफ होताच जुन्या वाद्याचा घोगरेपणा पुष्कळदा नाहीसा होतो. चाव्यांना तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर किंवा चिंच लावू नये. मुलामा निघतो आणि पावडर खोबणीत अडकून दांडा घासत राहते. कोरडे मऊ कापड पुरेसे आहे. दांड्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक सूक्ष्म थेंब द्यावा.

पृष्ठभागावरची चीर पातळ सायनोअॅक्रिलेट गोंद आणि ब्लॅकवुडचा बारीक भुसा यांनी भरता येते: थोडा भुसा, थेंबभर गोंद, सुकल्यावर पुन्हा तेच, आणि शेवटी अतिबारीक पॉलिश पेपरने समतल. शिकंज्यात आवळून चीर बंद करण्याचा प्रयत्न करू नये, त्याने दुसरीकडे नवी चीर जाते. चीर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा लांब असेल, तर तिला आडव्या पोलादी खिळी किंवा कार्बन तंतूंची पट्टी लागते, आणि ते काम घरचे नाही.

चीर भरून दोन दिवस गेल्यावर तेल. शुद्ध बदाम तेलाचे काही थेंब कापडावर घेऊन आतली नळी फक्त चमकेल इतके फिरवावे, रात्रभर ठेवावे आणि सकाळी उरलेले पुसून घ्यावे. खोबरेल नको; ते हिवाळ्यात थिजते आणि खवट होते. चाव्या अजून बसवलेल्या नसल्याने पॅडला तेल लागण्याची भीती राहत नाही, हाही या क्रमाचा एक फायदा आहे.

जोडांवरचे बूच बँडच्या वाद्यांत बहुधा गेलेले असते आणि त्या जागी मेण लावलेला दोरा गुंडाळलेला असतो. हा दोरा सावकाश उलगडावा. वर्षानुवर्षे घट्ट गुंडाळलेला दोरा पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला आवळतो आणि जोडाचे टोक आतून चिमटते, म्हणून तो पुन्हा लावू नये. दीड ते दोन मिलिमीटर जाडीच्या बुचाची पट्टी खाचेच्या रुंदीची कापून, एक टोक तिरके तासून, संपर्क गोंदाने चिकटवावी आणि तिरक्या टोकावर दुसरे टोक चढवावे. सुकल्यावर पॉलिश पेपरच्या पट्टीने गोल फिरवत घासावे, जोड हाताच्या साध्या दाबाने बसेल इतकेच. हे काम कोणीही सावध माणूस घरी करू शकतो.

पॅड बसवणे मात्र हातात मुरावे लागते. एक पॅड कसा बसतो ते सांगतो, म्हणजे आपण हे काम हाती घ्यायचे की नाही हे ठरवू शकाल. जुना पॅड काढून चावीची वाटी स्वच्छ करावी आणि तिचा आतला व्यास कॅलिपरने मोजावा, कारण अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही पॅड सैल पडतो किंवा फुगवटा धरतो. पॉलिशवाल्यांकडे मिळणाऱ्या चपड्याचा (लाखेचा) एक कण वाटीत ठेवून वाटी स्पिरिटच्या दिव्यावर धरावी; चपडा वितळून पसरला, की पॅड आत ठेवून चावी वाद्यावर बसवावी. चपडा मऊ असतानाच चावी अलगद मिटून पॅड भोकाच्या काठाला समांतर आणावा. मग पतंगाच्या पातळ कागदाची तीन-चार मिलिमीटरची पट्टी पॅडखाली ठेवून चावी हलकेच मिटवावी आणि पट्टी ओढावी. पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे, चारही बाजूंना पट्टीची ओढ सारखी लागली पाहिजे. एका बाजूला ती सहज सरकली, तर वाटी पुन्हा किंचित गरम करून पॅड त्या बाजूला टेकवावा. जोराने दाबून बसवलेला पॅड दोन दिवस ठीक वाटतो आणि नंतर पुन्हा हवा सोडतो. हे एका वाद्यावर पंधरा-सतरा वेळा, दर वेळी तितक्याच धीराने करायचे असते. माझा सल्ला असा, की वरचे दोन-तीन लहान पॅड आपण बदलून पाहावेत आणि उरलेले, विशेषतः खालच्या भागातले मोठे चार, जाणत्या कारागिराकडून घालून घ्यावेत.

कारागिराने काम केले असले, तरी तपासणी आपण करावी. वरच्या भागाची सगळी भोके बोटांनी मिटून, खालचे टोक तळहाताने बंद करून, वरून तोंडाने हवा ओढावी. ओढ काही सेकंद टिकली पाहिजे आणि तोंड काढताना हलका आवाज आला पाहिजे. खालच्या भागाचेही तसेच. दोन्ही भाग स्वतंत्रपणे हवाबंद असूनही जोडल्यावर वाद्य अडखळत असेल, तर दोष त्यांना जोडणाऱ्या पुलाच्या चावीत असतो. ती वाकलेली असते किंवा तिच्याखालचे बूच झिजलेले असते. ही चावी जोडताना हमखास वाकते, म्हणून मुलीला पहिल्या दिवसापासून सवय लावावी, की वरच्या भागाच्या कड्या दाबून धरूनच दोन्ही भाग एकमेकांत बसवायचे.

जुने माउथपीस वाद्याबरोबर मिळाले, तरी ते वापरू नये असे मी निक्षून सांगतो. त्याचे टोक आणि कडा बहुधा झिजलेल्या असतात, आणि अनेक वर्षे अनेकांच्या तोंडी गेलेली वस्तू मुलीला देणे आरोग्याच्या दृष्टीनेही बरे नव्हे. नव्या विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या माउथपीसवर आणि दोन किंवा अडीच क्रमांकाच्या रीडवर खर्च करावा; वाद्याच्या आवाजात जो फरक तिला जाणवेल, तो मुख्यतः येथूनच येईल.

दुरुस्त झालेले लाकूड पहिले दोन आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त फुंकू नये, आणि वाजवून झाल्यावर नळी मऊ सुती कापडाने पुसून मगच वाद्य त्याच्या पेटीत ठेवावे. कूलरच्या झोतासमोर बसून वाजवू नये: बाहेरच्या कोरड्या उष्ण हवेतून आलेल्या लाकडावर एकदम ओलसर थंड वारा आला, की भरलेली चीर शेजारी नवी वाट शोधते. उन्हाळ्यात पेटीतला ओलावा टिकवण्यासाठी संत्र्याची साल ठेवण्याची जुनी युक्ती क्लॅरिनेटवादकांत प्रचलित आहे, आणि नागपुरात साल मिळायला अडचण नाही. पण ती दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे मी त्याऐवजी वाद्यांसाठी मिळणारी ओलावा राखणारी पाकिटे सुचवतो. पावसाळ्यात जोड अडकला तर पिळू नये, वाद्य कोरड्या खोलीत एक दिवस ठेवावे, तो आपोआप सुटतो. मारबतीच्या किंवा गणपतीच्या मिरवणुकीत वाजवायचे असेल, तर लाकडी वाद्य घरी ठेवून एबीएस प्लास्टिकचे न्यावे.

आपल्या बाबतीत माझे मत आता स्पष्टपणे देतो. लांबी आखूड निघाली आणि काळी पाच चढलेली लागली, तर किंमत कितीही कमी असली तरी हा क्लॅरिनेट मुलीसाठी घेऊ नये. त्या पैशांत विद्यार्थ्यांसाठीचा एबीएसचा वापरलेला बोहम क्लॅरिनेट शोधावा, ज्याला ना चीर जाते ना उन्हाची तितकी बाधा होते. सूर 440 ला मिळाला आणि गुरुजींनी चाव्यांची पद्धत मान्य केली, तर पॅडचा पूर्ण संच, बूच, एका चावीचा डाख, चिरेचे काम आणि नवे माउथपीस यांचा खर्च कारागिराकडून आधी लेखी घ्यावा, तो विद्यार्थ्यांसाठीच्या नव्या वाद्याच्या किमतीतून वजा करावा, आणि जी रक्कम उरेल तिच्यापेक्षा कमीच पथकाच्या मालकांना सांगावी.